पाव इंच कोठे आहे?

गेल्या एप्रिलमध्ये चार दिवसांसाठी पारशिवनीला मामांकडे गेले होते. नागपूर जिल्ह्यातील हा तालुका पेंच नदीच्या काठचा. मामांची शेती थोडी: काही धानाची, काही कापसाची आणि दीड एकरात संत्र्याची झाडे. विहिरीवर विजेचा पंप आहे, पण वीज पाळीने येते, म्हणून जुने पाच अश्वशक्तीचे डिझेल इंजिनही ठेवलेले आहे. आंबिया बहराची फळे त्या वेळी लिंबाएवढी झाली होती. या दिवसांत पाणी चुकले की फळगळ होते, आणि नेमके तेव्हाच इंजिन रुसले होते. सुरू व्हायचे, रिकामे छान चालायचे, पण पंपाचा पट्टा चढवला की पाच मिनिटांत दम टाकायचे. शिवाय इंधनाच्या नळीच्या जोडावर डिझेल पाझरत होते. त्याच्या खाली वीतभर अंतरावर तापलेला सायलेन्सर.

महिन्यापूर्वी डिझेलच्या टाकीकडून फिल्टरकडे जाणारा जोड तुटला होता. दुरुस्ती करणाऱ्याने आपल्याजवळच्या डब्यातून एक पितळी दिसणारी फिटिंग काढून बसवली आणि तिला पारदर्शक प्लास्टिकची नळी जोडली. मामांनी मला ती काढून दाखवली. एका टोकाला नळी चढवण्यासाठी खाचांचे निमुळते तोंड, मध्ये पाना लावण्यासाठी षट्कोन, दुसऱ्या टोकाला बाहेरून आटे. षट्कोन मात्र नेहमीपेक्षा लांब आणि फुगीर होता. असली फिटिंग डिझेल इंजिनावर मी तरी पाहिली नव्हती.

“कशाची आहे ही?” मी विचारले.

“कशाची का असेना, बसते न,” मामा म्हणाले. “पान्यानं घट्ट होते. मग पाझरते कायले?”

मामांचा प्रश्न अगदी योग्य होता. घट्ट बसणारी वस्तू पाझरते का? माझे रोजचे काम बहुवारिकांवरचे, म्हणजे रबर-प्लास्टिकसारख्या लांब साखळ्यांच्या रेणूंवरचे आहे. त्यामुळे नळीविषयी मला लगेच शंका आली. फिटिंगविषयी मात्र मोजूनच काही सांगता आले असते. ती मोजणी शाळेतल्या साधनांनी करता येते आणि आठवी-नववीच्या पुस्तकातले बरेच विज्ञान तिच्यात एकत्र येते, म्हणून ती येथे क्रमाने सांगते.

आटे मोजू या

नळीच्या जोडाची ओळख पटवायला पहिल्यांदा दोन मापे लागतात. एक, आट्यांचा बाहेरचा व्यास. दोन, लागोपाठच्या दोन आट्यांच्या माथ्यांमधील अंतर, म्हणजे पिच. स्क्रूगेज शिकवताना आपण पिच हा शब्द वापरतोच.

गावातील शाळेच्या प्रयोगशाळेतून व्हर्नियर कॅलिपर मिळाले. बाहेरचा व्यास भरला १३.१ मिलिमीटर. पिच इतकी लहान असते की एकदम मोजली तर चूक मोठी होते, म्हणून सात पिचांचे अंतर एकत्र मोजले. ते ९.४ मिमी आले. सातने भागले की १.३४ मिमी. लोलकाचा एक दोल न मोजता वीस दोलांची वेळ घेऊन वीसने भागतो, तीच ही युक्ती. व्हर्नियर नसेल तर आट्यांवर कागद दाबून त्यावरून पेन्सिलीचे शिसे हलके घासावे. आट्यांच्या रेघा कागदावर उमटतात आणि त्या साध्या पट्टीने मोजता येतात.

आता १.३४ हा आकडा मीटर पद्धतीतल्या आट्यांना शोभणारा नाही. तेथे पिच १, १.२५, १.५ अशी सुटसुटीत असते. इंचाचा हिशेब करून पाहिला: २५.४ भागिले १.३४ म्हणजे जवळजवळ १९. एका इंचात १९ आटे आणि बाहेरचा व्यास १३.१५७ मिमी, हे माप ब्रिटिश पद्धतीच्या पाइपाच्या आट्यांचे आहे. हार्डवेअरच्या दुकानात त्याला ‘पाव इंची बीएसपी’ म्हणतात.

येथे विद्यार्थ्यांना एक प्रश्न जरूर विचारावा. पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी. मग या फिटिंगवर पाव इंच कोठे आहे? बाहेरचा व्यास तर त्याच्या दुपटीहून जास्त आहे. व्हर्नियर कोठेही लावा, ६.३५ हा आकडा सापडत नाही.

तो सापडत नाही, कारण ‘पाव इंच’ हे माप फिटिंगचे नाहीच. ते नाव जुन्या लोखंडी पाइपाच्या आतल्या पोकळीवरून पडले. पोकळी सुमारे पाव इंच, त्याभोवती त्या काळची जाड भिंत, आणि त्या भिंतीच्या बाहेरच्या अंगावर पाडलेले आटे. पुढे धातू सुधारले, भिंती पातळ झाल्या, पोकळी बदलली. पण जुन्या पाइपांना नवे पाइप जुळावेत म्हणून बाहेरचा व्यास आणि आटे तसेच ठेवावे लागले. माप गेले आणि नाव राहिले. भारताने १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धत स्वीकारली, तरी नळकाम करणारे आजही ‘अर्धा इंची’, ‘पाऊण इंची’ असेच मागतात आणि त्यांना बरोबर वस्तू मिळते.

बसते आणि जुळते

फिटिंगची ओळख अर्धी पटली. आता ती ज्या छिद्रात बसवली होती ते कोणते? छिद्राच्या आतले आटे मोजणे कठीण असते. सुदैवाने तुटलेला मूळ बोल्ट मामांनी डब्यात टाकून ठेवला होता. त्याचा व्यास १३.९ मिमी आणि सहा पिचांचे अंतर बरोबर ९ मिमी, म्हणजे पिच १.५ मिमी. हा मेट्रिक आटा: १४ मिमी व्यास, १.५ मिमी पिच. डिझेल इंजिनांच्या फिल्टरवर आणि पंपावर हा आटा नेहमी आढळतो.

म्हणजे १४ मिमीच्या छिद्रात १३.१५७ मिमीची फिटिंग पिळून बसवली होती. ती ढिली राहायला हवी, घट्ट कशी झाली?

गंमत पिचमध्ये आहे. छिद्राच्या आट्याची पिच १.५ आणि फिटिंगची १.३३७ मिमी. दर आट्यामागे ०.१६३ मिमीचा फरक पडतो. व्यास कमी असल्यामुळे फिटिंगचे दाते छिद्राच्या दात्यांत पूर्ण रुतत नाहीत आणि बाजूने थोडी मोकळीक राहते. हिशेब केला तर ही मोकळीक साधारण अर्धा मिलिमीटर भरते. पहिल्या आट्याला फरक ०.१६, दुसऱ्याला ०.३३, तिसऱ्याला ०.४९. तिसऱ्या आट्याशी मोकळीक संपते आणि दाते एकमेकांवर चढून अडकतात. पाना लावणाऱ्या हाताला ते ‘घट्ट’ वाटते. प्रत्यक्षात आठ आट्यांपैकी तीनच अडकलेले असतात आणि तेही माथ्याशी. इंजिनाच्या थरथरीने अशी जोडणी हळूहळू सुटते आणि पुन्हा पुन्हा आवळल्याने छिद्राचे मूळ आटेही खराब होतात.

दोन वेगळ्या मोजपट्ट्यांवरील रेघांची चाल थोडी वेगळी असली की काही घरांनंतर त्यांच्यातला फरक डोळ्यांत भरतो. व्हर्नियर मोजपट्टी याच तत्त्वावर चालते. ज्या तत्त्वाने आपण मोजले, त्याच तत्त्वाने जोडही बिघडला होता.

एकाच आकाराच्या वाटणाऱ्या वस्तूंत अशी भिन्नता कशी आली, याला इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रत्येक कारखाना आपले आटे आपल्या मर्जीने पाडत असे. १८४१ मध्ये इंग्लंडमधील जोसेफ व्हिटवर्थ यांनी सर्वांनी एकच पद्धत वापरावी असे सुचवले. त्यांच्या आट्यांच्या दोन बाजूंमधील कोन ५५ अंशांचा होता. १८६४ मध्ये अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी ६० अंशांच्या कोनाचा आटा मांडला, कारण तो पाडणे सोपे होते. ब्रिटिश पाइपांच्या आट्यांत आजही ५५ अंश आहेत. अमेरिकी पाइपांच्या आणि मेट्रिक आट्यांत ६०. अमेरिकी पाव इंची पाइपाला इंचात १९ ऐवजी १८ आटे असतात आणि व्यास १३.७ मिमी. डोळ्यांना हा फरक दिसत नाही.

याची किंमत एका शहराने मोजली आहे. ७ फेब्रुवारी १९०४ रोजी अमेरिकेतील बाल्टिमोर शहराच्या मध्यभागी आग लागली. वॉशिंग्टन आणि इतर शहरांतून आगगाडीने बंब मागवले गेले. ते वेळेत पोचले, पण त्यांच्या पाण्याच्या नळ्यांचे जोड बाल्टिमोरच्या रस्त्यावरील पाण्याच्या तोट्यांना लागेनात. प्रत्येक शहराचे आटे निराळे होते. आग तीस तासांच्या आसपास चालली आणि १,५०० हून अधिक इमारती जळाल्या. त्यानंतर अग्निशामक नळ्यांच्या जोडांसाठी राष्ट्रीय मानक ठरवण्याचे काम अमेरिकेत नेटाने सुरू झाले.

गळती नेमकी कोठे अडते?

आटे बरोबर असले म्हणजे जोड पाझरणार नाही, असेही नाही. कोणताही जोड हाती आला की विचारावे: यात द्रव नेमका कोठे अडवला जातो?

घरातल्या पाण्याच्या नळाचे आटे टोकाकडे निमुळते होत जातात. दर १६ मिमी लांबीला व्यास १ मिमीने कमी होतो. आवळत जाऊ तसे दाते दात्यांत पाचरीसारखे रुततात आणि तेथेच पाणी अडते. बारीक फटी बुजवायला आपण सुताचा धागा किंवा पांढरी टेफ्लॉनची पट्टी गुंडाळतो.

दुसऱ्या प्रकारात आटे समांतर असतात, म्हणजे टोकाशी आणि मुळाशी व्यास एकच. हे आटे फक्त दोन भाग एकमेकांवर दाबून धरतात. द्रव अडवण्याचे काम तांब्याचा वायसर, रबरी कडी किंवा एकमेकांत बसणारे शंकू करतात. येथे आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी गुंडाळून काही साधत नाही. उलट तिचे तुकडे तुटून इंधनाबरोबर पुढे जातात आणि बारीक छिद्रे बुजवतात.

आमच्या फिटिंगचा टोकाशी आणि मुळाशी व्यास सारखाच होता, म्हणजे समांतर आटे. पण ती बसवताना वायसर टाकलेला नव्हता. आट्यांभोवती पांढरी पट्टी मात्र भरपूर होती.

ओळख पटवताना आणखी एक खूण लक्षात ठेवावी. काही नटांच्या सहा कोपऱ्यांवर मुद्दाम बारीक खाच पाडलेली असते. ती उलट्या, म्हणजे डावीकडे फिरवून आवळायच्या आट्यांची खूण आहे. वेल्डिंगच्या संचात ॲसिटिलीनसारख्या जळणाऱ्या वायूचे जोड असे उलट असतात, ऑक्सिजनचे सुलट. एकाची नळी चुकूनही दुसऱ्याला लागू नये म्हणून ही योजना. ‘बसत नाही’ हाच येथे सुरक्षेचा उपाय आहे. तेथे जोर लावणे म्हणजे कोणीतरी विचारपूर्वक दिलेली सूचना मोडून काढणे.

पितळच आहे का?

फिटिंग सोनेरी होती, पण सोनेरी मुलामा जस्ताच्या स्वस्त मिश्रधातूवरही देतात. इंधनासाठी हा फरक महत्त्वाचा आहे. डिझेलमध्ये साठवणीत थोडी आम्ले तयार होतात. जस्ताची त्यांच्याशी क्रिया होऊन साबणासारखे क्षार बनतात आणि फिल्टर बुजवतात. म्हणून डिझेलच्या टाकीला आतून जस्ताचा लेप देत नाहीत. पितळातले तांबे इंधन जुने होण्याची क्रिया थोडी वाढवते, परंतु रोज वाहत्या इंधनात एखादा लहान पितळी जोड असला तर चालतो.

धातू ओळखायला आर्किमिडीजची युक्ती पुरेशी आहे. सराफाच्या दुकानात काटा मिळाला. हवेत वजन ४२ ग्रॅम. मग फिटिंग दोऱ्याने टांगून, आतले बुडबुडे हलवून काढून टाकून, पाण्यात बुडवून वजन केले: ३७ ग्रॅम. तूट ५ ग्रॅम, म्हणजे आकारमान ५ घनसेंटिमीटर. घनता ४२ भागिले ५, म्हणजे ८.४. पितळाची घनता साधारण ८.४ ते ८.७, पोलादाची ७.८, जस्ताच्या ओतीव मिश्रधातूची सुमारे ६.६ आणि ॲल्युमिनियमची २.७. या परीक्षेत आमची फिटिंग उत्तीर्ण झाली. ती पितळीच होती.

आत काय आहे?

तरीही ‘इंजिन रिकामे चालते, भाराखाली बंद पडते’ याचा उलगडा झाला नव्हता. फिटिंग उजेडात धरून आत पाहिले तर पलीकडचे दिसेना. काडी घातली तर आत काहीतरी दबत होते. एक लहान गोळी आणि तिच्यामागे स्प्रिंग. षट्कोन फुगीर का होता ते आता कळले. ही हवेच्या कॉम्प्रेसरवरची एकमार्गी झडप होती: हवा एका दिशेने जाऊ द्यायची, उलट येऊ द्यायची नाही.

कॉम्प्रेसरमध्ये दाब वातावरणाच्या सुमारे सातपट जास्त असतो. पाण्याच्या स्तंभात सांगायचे तर सत्तर मीटर. त्या दाबापुढे स्प्रिंग कःपदार्थ. पण मामांच्या इंजिनात डिझेल केवळ उंचीमुळे वाहते. टाकीपासून फिल्टरपर्यंत उंची ४० सेंमी. डिझेलची घनता ०.८४ धरली तर दाब पाण्याच्या ३४ सेंमी स्तंभाएवढा. सत्तर मीटरच्या दोनशेव्या भागाएवढा!

आम्ही झडपेला एक उभी नळी जोडून तीत पाणी ओतले. ३४ सेंमी उंचीला झडपेतून थेंब थेंब पडत होते. एका मिनिटात ६ मिलिलिटर भरले, तेही गोळीखाली कचरा अडकून फट राहिली होती म्हणून. उंची मीटरभर केल्यावर धार लागली. पाच अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण भाराखाली तासाला सुमारे एक लिटर डिझेल खाते, म्हणजे मिनिटाला १७ मिलिलिटर. रिकामे चालायला सहा मिलिलिटर पुरत होते. भार पडला की फिल्टरमध्ये साठलेले डिझेल काही मिनिटांत संपे आणि इंजिन उपाशी मरे.

आता नळी

फिटिंगचा निकाल लागला. नळीचा निर्णय आकाराने होत नाही. तेथे रसायनशास्त्राकडे जावे लागते.

पारदर्शक नळी पीव्हीसीची होती. पीव्हीसी मुळात कडक असते. ते मऊ राहावे म्हणून त्यात तेलकट द्रव्य मिसळतात, त्याला प्लास्टिसायझर म्हणतात. डिझेल किंवा पेट्रोल हे तेलकट द्रव्य हळूहळू धुऊन नेते. महिनाभरात नळी पिवळी आणि ताठ झाली होती. वाकवली तर फिटिंगच्या तोंडाशी बारीक तडे दिसत होते. मोटारसायकलींवरही अशा नळ्या पाहायला मिळतात. पाण्याच्या पातळीसाठी गवंडी वापरतात ती नळी उत्तमच, पण तिचे काम पाण्याचे.

रबराचे याच्या उलट होते. ते फुगते. नागपूरकरांना याचा प्रयोग दाखवायला काहीच लागत नाही. फुगा ताणून फुगवा आणि संत्र्याची ताजी साल त्याच्याजवळ चिमटून तिचा फवारा त्यावर उडवा. पुष्कळदा फुगा फट्‌दिशी फुटतो. साधे पाणी शिंपडले तर काही होत नाही. सालीच्या तेलात मुख्यतः लिमोनीन असते. आयसोप्रीन नावाचे दोन लहान रेणू जोडले की लिमोनीन बनते, आणि तेच आयसोप्रीन हजारोंनी साखळीत गुंफले की नैसर्गिक रबर. दोघे एकाच कुळातले. सारख्या स्वभावाची द्रव्ये एकमेकांत मिसळतात, म्हणून लिमोनीनचे रेणू रबराच्या साखळ्यांत सहज शिरतात आणि ताणलेला पडदा तेथे दुबळा होतो. पेट्रोल, रॉकेल आणि डिझेल हीही कार्बन-हायड्रोजनचीच संयुगे, म्हणून साध्या रबराची तीच गत होते.

हे मोजायचे असल्यास रबर बँड कापून त्याचा ५० मिमीचा तुकडा झाकणाच्या बाटलीत रॉकेलमध्ये रात्रभर ठेवावा. दुसरा तुकडा पाण्यात. हा प्रयोग शिक्षकांनी स्वतः, उघड्या हवेत, ज्योतीपासून दूर करावा. पेट्रोल मुळीच वापरू नये. समजा ५० मिमीची लांबी ६५ झाली. लांबी १.३ पट, तर घनफळ १.३ चा घन, म्हणजे जवळजवळ २.२ पट. तुकड्यात आता रबरापेक्षा रॉकेल जास्त आहे. तो ओढून पाहिल्यावर किती सहज तुटतो, तेही विद्यार्थ्यांना दाखवावे.

यावर उपाय म्हणजे वेगळ्या स्वभावाचे रबर. १९३० च्या दशकात जर्मनीत नायट्राइल रबर तयार होऊ लागले. त्याच्या साखळीत ॲक्रिलोनायट्राइलचे गट असतात. त्यांच्यात विद्युतभार थोडा एका बाजूला झुकलेला असतो, म्हणजे ते ध्रुवीय असतात. इंधनाचे अध्रुवीय रेणू त्यांच्याशी पटवून घेत नाहीत आणि रबर फारसे फुगत नाही.

येथे एक फसगत होते. मोटारीच्या ब्रेकची नळी जास्त दाबाची, जाड आणि महाग असते, म्हणून ती इंधनालाही चालेल असे वाटते. पण ब्रेकमधला द्रव ग्लायकॉलच्या जातीचा, ध्रुवीय. त्यासाठी वापरतात ते ईपीडीएम नावाचे रबर ब्रेकच्या द्रवात आणि रेडिएटरच्या पाण्यात वर्षानुवर्षे टिकते, पण डिझेल-पेट्रोलमध्ये फुगते. नायट्राइलची गत याच्या उलट: इंधनात टिकते, ब्रेकच्या द्रवात बिघडते. दोन्ही नळ्या काळ्याच. डोळ्यांनी ओळखता येत नाहीत, म्हणून नळीवरचा छापील मजकूर वाचावा लागतो. इंधनाच्या नळीवर ‘फ्युएल’ हा शब्द किंवा ‘एसएई जे ३० आर ७’ अशी खूण रोमन लिपीत असते. आर ७ ही कमी दाबाच्या इंधनाची नळी, तर आर ९ ही पेट्रोल इंजेक्शनच्या जास्त दाबाची. टाकीच्या आत बुडवून ठेवायची नळी आणखी वेगळी, आर १०, कारण आर ७ चे बाहेरचे आवरण इंधनात बुडून राहण्यासाठी बनवलेलेच नसते. काही छापलेले नसेल तर ती इंधनाची नळी नाही असेच धरावे. डिझेल पंपापासून इंजेक्टरपर्यंतचा भाग मात्र कोणत्याही रबरी नळीचा नव्हे. तेथे जुन्या इंजिनांतही दाब वातावरणाच्या दोनशेपटीच्या घरात असतो आणि तो पोलादी नळीनेच पेलावा लागतो.

इंधन बदलले की उत्तरही बदलते. ६ फेब्रुवारी २०२३ पासून भारतात २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची विक्री सुरू झाली. इथेनॉल ध्रुवीय आहे. पेट्रोल आणि इथेनॉल यांचे मिश्रण नायट्राइल रबराला त्या दोहोंपैकी कोणत्याही एकट्यापेक्षा अधिक फुगवते. शिवाय इथेनॉल हवेतले पाणी शोषते आणि त्यामुळे जस्त व ॲल्युमिनियम यांचे भाग गंजू शकतात. २०२३ पासूनची वाहने हे गृहीत धरून बनवलेली आहेत. जुन्या स्कूटरची नळी मात्र वर्षातून एकदा चिमटून पाहावी. ती मऊ, चिकट किंवा तडकलेली वाटली तर बदलावी.

उन्हाळ्याचा हिशेब

“डिझेल काही पेट्रोलासारखं पेटत नाही,” असे मामांनी मध्येच म्हटले होते. पेट्रोलाची वाफ शून्याखाली कितीतरी अंशांवरही ठिणगीने भडकते, त्या मानाने हे खरे आहे. परंतु भारतीय मानकाप्रमाणे डिझेलच्या बाबतीत हे तापमान किमान ३५ अंश सेल्सियस असावे लागते. प्रत्यक्ष नमुन्यात ते बरेच जास्त असू शकते, पण खात्री ३५ चीच आहे. विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत सावलीतले तापमान ४५ अंशांपर्यंत जाते. अशा दुपारी तापलेल्या सायलेन्सरवर डिझेल पाझरू देणे, तेही वाळल्या गवतात, हा जुगार आहे.

चौथ्या दिवशी नागपूरहून १४ मिमीचा, १.५ पिचचा पोकळ बोल्ट, त्याची गोल डोळ्याची फिटिंग, तांब्याचे दोन नवे वायसर, खूण छापलेली दीड मीटर नळी आणि दोन क्लिपा आणल्या. बोल्ट हाताने शेवटपर्यंत फिरला. पाना फक्त शेवटच्या अर्ध्या फेरीला लागला. बरोबर आट्यांची हीच साधी परीक्षा आहे. फिटिंग पुसून कोरडी केली, खाली कागद पसरला आणि इंजिन भाराखाली तासभर चालवले. कागदावर डाग नव्हता. संध्याकाळपर्यंत संत्र्याच्या चार ओळींना पाणी मिळाले.

दुरुस्ती करणाऱ्याला दोष द्यावासा मला वाटला नाही. पाण्याअभावी बाग वाळत असताना त्याने हाताशी होते त्यातून मार्ग काढला. ‘बसते का?’ हा प्रश्न त्याने विचारला होता. मापे जुळतात का, द्रव कोठे अडतो, आत काय आहे, आणि हे द्रव्य या इंधनात टिकेल का, हे प्रश्न विचारायला त्याला कोणी शिकवलेले नव्हते. व्हर्नियर, घनता, द्रवाचा दाब आणि ध्रुवीय रेणू हे चारही धडे त्याने शाळेत बहुधा वाचले असतील, पण वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या प्रश्नपत्रिकांसाठी.

ती पितळी झडप मामांकडून मागून घेतली आणि व्हर्नियर परत करताना शाळेच्या प्रयोगशाळेत ठेवून आले. सोबत एक चिठ्ठी: ‘ही पाव इंची आहे. पाव इंच कोठे आहे ते शोधा.’ आपल्या शाळेजवळच्या भंगारच्या दुकानातही अशी एखादी फिटिंग नक्की मिळेल. ती टेबलावर ठेवून हा प्रश्न वर्गात विचारून पाहावा.